लेकराला आईच्या आजाराबद्दल सांगावं का?

आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनियासारखा, नसलेले आवाज ऐकू येणारा मनाचा आजार असला की मुलांना काय सांगायचं, हे बीड-अंबाजोगाईकडचे पालक मला नेहमी विचारतात. खरं तर बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. "त्येला काई सांगू नका मॅडम, ल्हान हाय अजून."

सहावीतला एक मुलगा वर्गात रोज झोपायचा. गुरुजींना वाटलं, रात्री मोबाईल बघत असेल. वडील ऊसतोडीला गेलेले, घरी आई, आजी आणि धाकटी बहीण. मी झोपेबद्दल विचारलं तर बराच वेळ गप्प बसला. मग हळूच सांगितलं, की आईच्या साडीचा पदर मनगटाला बांधून तो झोपतो. ती उठली की हाताला ओढ बसते आणि त्याला जाग येते. मागे एकदा ती मध्यरात्री उठून विहिरीकडं चालत गेली होती. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईला काय झालंय, हेही कुणी सांगितलं नव्हतं. आजी म्हणायची, बाहेरचं आहे. शेजारीण म्हणायची, लेकरांनी लई तरास दिला. त्यानं शेजारणीचं खरं मानलं, कारण आई पहिल्यांदा बिघडली त्याच्या आदल्या दिवशी तो तिच्याशी भांडला होता.

अकरा वर्षांचं पोर हे ओझं घेऊन शाळेत येत होतं, आणि घरच्यांना वाटत होतं त्याला काहीच कळत नाही.

पाडव्याच्या सुमारास वडील परतले. आई त्या दिवसांत बरी होती, म्हणून तिच्यासमोरच बोललो. आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. त्याचा पहिला प्रश्न, "माझ्यामुळं झालं का?" मी उत्तर देणार तेवढ्यात आईच बोलली. "मला आवाज येतेत बाळा. तू भांडला म्हून न्हाई." हे तिनं सांगावं, यापेक्षा मोठं औषध माझ्याकडं नव्हतं.

"मला पण व्हईल का?" हा प्रश्न टाळू नये. हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल, तर अशा शंभर मुलांपैकी साधारण दहा जणांना. बाकीच्या नव्वदांना होत नाही. गांजानं धोका वाढतो, म्हणून त्यापासून लांब राहायचं, हे त्याला आत्ताच सांगितलं.

आईच्या गोळ्या बंद पडत होत्या त्या दर हंगामात. टोळी गेली की अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायला कुणी नसायचं. बरं वाटतंय म्हणून घरचेही निवांत राहायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांत आजार उसळायचा. आता गोळ्या काकू आणणार, रात्री आजीच्या जोडीला तीच झोपायला येणार. मुलाकडं एका कागदावर तीन नंबर: काका, आशाताई आणि टेलिमानस १४४१६, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, जिथं रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आईची झोप उडाली, ती एकटीच बोलायला लागली, की काकांना सांगायचं. तिला आवरायला एकट्यानं जायचं नाही.

उठता उठता वडिलांनी विचारलं, "अन् धाकटीला?" ती पाच वर्षांची.

तिलाही सांगा भाऊ. आईला बरं नाही, तिच्या गोळ्या चालू आहेत, तू काही केलेलं नाहीस, आणि आई रागावली की काकूकडं जायचं. तिच्या वयाला एवढं पुरे. पुढच्या वर्षी ती जास्त विचारेल, तेव्हा जास्त सांगा.