गोचीड चावली म्हणून झोप उडवू नकोस

भाऊ, यावलच्या जंगलात शेळ्यांमागे पहिल्यांदा गेलास आन काखेत गोचीड निघाली, त्यात नवल काय? माझ्या अंगावरून किती काढल्या त्याची मोजदाद नाही. ताप एकदाही आला नाही. चावलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. परदेशात जिथं गोचिडीतून होणाऱ्या लाइम रोगाचा सुळसुळाट आहे, तिथंही एका चाव्यामागे धोका साधारण १ ते ३ टक्केच धरतात.

कुणी माकडतापाची, म्हणजे गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या एका तापाची, भीती घालेल. तो १९५७ मध्ये कर्नाटकात सापडला, आपल्या राज्यात दिसतो तो सिंधुदुर्गाकडे, आपल्या यावलपासून लांब.

काढताना मात्र रॉकेल, पेटती विडी असलं काही नको. बारीक चिमट्यानं कातडीलगत, तोंडापाशी धरायची आणि सरळ, सावकाश ओढायची. नखावर चिरडायची आपली खोड भारी वाईट! गुरांच्या गोचिडीतून काँगो ताप येऊ शकतो, २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत माणसं दगावली. जागा साबणानं धू, तारीख कॅलेंडरवर लिही. दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, तळहातावर पुरळ किंवा चाव्यावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरला गोचिडीचं आधी सांग. नाहीतर मलेरिया-टायफॉइडच्या तपासण्यांतच आठवडा जातो.