ग्रुप सायन्सला चाललाय म्हणून तूही?

तुझं पत्र वाचलं. दहावीची परीक्षा झालीये, ग्रुपमधल्या सगळ्या सायन्सचा इंटिग्रेटेड क्लास लावतायत, तुला ड्रॉइंगमध्ये पुढं जायचंय, इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत ए ग्रेड आहे, पण आर्ट्सचं नाव काढलं की "अगं तिथं कमी मार्कवाली पोरं जातात" म्हणून हसतात, आणि आता तुलाच वाटायला लागलंय की सायन्स घेऊन टाकावं, निदान एकटी तरी पडणार नाही. पप्पाही म्हणतायत, मैत्रिणी आहेत सोबत तर जा.

एकटं पडायची भीती वाटते यात तुझं काहीच चुकत नाहीये. या वयात ग्रुप म्हणजे सगळंच असतं. पण तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात फिजिक्स-मॅथ्सबद्दल एक ओळ पण नाही गं, सगळं मैत्रिणींबद्दलच आहे. पुढची दोन वर्षं डबा कुणासोबत खायचा हे तू ठरवतेयस आणि त्याला स्ट्रीम म्हणतेयस.

आणि ती सोबत तरी मिळेल का? अकरावीची ऑनलाइन ऍडमिशन मार्क आणि पसंतीक्रमावर होते, १० कॉलेजं टाकता येतात, कुणाला कुठलं लागेल सांगता येत नाही. हे मात्र नीट लक्षात ठेव, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथंच ऍडमिशन घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर पडतेस, म्हणजे मैत्रिणीचा फॉर्म बघून पहिला नंबर भरलास की अडकलीस.

आता तुझ्या आवडीचं. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या डिग्रीला, अगदी मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला जायचं तरी बारावी कुठल्याही शाखेतून चालते, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डिझाइनच्या बऱ्याच कोर्सेसचंही तसंच. फक्त आर्किटेक्चर मनात असेल तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं, मग सायन्स घ्यायला खरं कारण आहे, तेव्हा हा प्रश्न स्वतःला आधी विचार.

बालभारतीच्या साइटवर अकरावीची पुस्तकं फुकट मिळतात. फिजिक्सचा एक धडा आणि आर्ट्सकडच्या सायकॉलॉजीचा एक धडा, दोन्ही घेऊन बस, कुठल्यात मन लागतं ते बघ.

मैत्रिणींना सगळ्यांसमोर सांगू नकोस, ग्रुपवर तर मुळीच नको, तिथं एक हसली की बाकीच्यांना हसावंच लागतं. जी तुला सगळ्यात जवळची वाटते तिला एकटीला गाठून सांग. माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये मी हे खूपदा बघितलंय, सगळ्यांत जास्त हसणारीलाच स्वतःला सायन्स झेपेल का याची धास्ती असते.

पप्पांशी बोलताना मैत्रिणींचा विषयच काढू नकोस. ए ग्रेडचे दहावीला ७ वाढीव मार्क मिळतात हे सांग, तुझी चित्रं आणि जेजेच्या प्रवेश परीक्षेची माहिती समोर ठेव, आणि रिझल्ट लागेपर्यंत क्लासची फी भरू नका एवढंच माग. ते तयार नसतील तर त्यांना घेऊन ये माझ्याकडे, आपण तिघं बसून बोलू.