नायजेरियात ओपन हार्ट सर्जरी कोणी सुरू केली? सगळं श्रेय फॅबियन उदेक्वू यांचं का?

हो, नाव प्रा. फॅबियन उदेक्वू यांचंच घ्यायला हवं, पण एकट्याचं नाही. १९७४ मध्ये एनुगूच्या युनिव्हर्सिटी ऑफ नायजेरिया टीचिंग हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली देशातली पहिली ओपन हार्ट शस्त्रक्रिया झाली. ब्रिटनहून आलेले सर्जन मॅग्दी याकूब (तेव्हा ते 'सर' झाले नव्हते) आणि त्यांचं पथकही त्यात होतं. नायजेरियन सर्जननी लिहिलेल्या हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात ही दोन्ही नावं सोबतच येतात.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती वेळ. एनुगू ही नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राची पहिली राजधानी. त्यावरून पेटलेलं यादवी युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं आणि शहर त्यातून अजून सावरत होतं. या शस्त्रक्रियेला हृदय थांबवून रक्त हार्ट-लंग मशीनमधून (हृदय-फुप्फुसांचं काम तेवढा वेळ करणारं यंत्र) फिरवावं लागतं. म्हणजे मशीन चालवणारे, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, आयसीयू, प्रशिक्षित नर्स हे सगळं एकाच वेळी तयार हवं. युद्धानंतर चार वर्षांत हे उभं करणं ही नुसती हातातली कला नव्हे, माणसं जमवण्याची ताकद आहे. पुढे याच रुग्णालयाला हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेचं राष्ट्रीय केंद्र म्हणून मान्यता मिळाली.

एक लक्षात घ्या: उदेक्वू सर्जन होते, औषधोपचार करणारे कार्डिओलॉजिस्ट नव्हेत. आणि 'पहिली' हा शब्द फक्त ओपन हार्टपुरता. हृदय न थांबवता करायच्या शस्त्रक्रिया नायजेरियात त्याआधीही होत होत्या.