शब्द दिला की दिला

प्रिय बाळ,

तुझं पत्र वाचून चिडलो. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, ते त्यामुळेच. वसतिगृहातल्या मुलांना तू दोन वर्षांचा शब्द दिलास, सातव्या महिन्यात पुण्याची नोकरी चालून आली आणि तू लिहितोस, “सर, परिस्थिती बदलली.” अरे, परिस्थिती बदलतेच. ती बदलणार नसती, तर शब्द द्यायची गरज कुणाला पडली असती?

श्वार्ट्झ या ख्रिस्ती पाळकाचं नाव तुझ्या कानावर असेल. जर्मन लुथरन माणूस, १७५० साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरला तो परत गेलाच नाही. उरलेली ४८ वर्षं तमिळ मुलखात काढली. लग्न केलं नाही. तंजावरला आपल्या भोसल्यांचं राज्य, म्हणून मराठीही शिकला. हैदरअलीच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात माणसं उपाशी मरत होती. गावोगाव धान्य होतं, पण आधीचे पैसे बुडालेले, त्यामुळे रयत बैल जुंपेना. पैशाची हमी माझी, असं श्वार्ट्झनं सांगितलं आणि एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले. ८०,००० कलम (तिकडचं धान्याचं माप) धान्य किल्ल्यात पोचलं. राजाच्या शिक्क्याला जे जमलं नाही ते एका फाटक्या पाळकाच्या शब्दानं झालं, कारण तो शब्द आजवर कधी बुडाला नव्हता.

पण मला तुला सांगायचंय ते याच्या पुढचं. १७८७ साली मरणाच्या दारात असलेल्या तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेला नऊ-दहा वर्षांचा सरफोजी श्वार्ट्झच्या हवाली करायचं ठरवलं. हा आता तुमचा, म्हणाले. श्वार्ट्झनं सल्ला दिला की पोर चुलत्याकडे, अमरसिंगाकडे ठेवावं. इथे तो चुकला. अमरसिंग स्वतःच राजा झाला आणि पोराला जवळजवळ कोंडून ठेवलं. आता श्वार्ट्झलाही म्हणता आलं असतं, परिस्थिती बदलली. तो म्हणाला नाही. कंपनी सरकारच्या मागे लागला, मुलाला मद्रासला हलवलं, शिकवलं, दत्तकविधान अमान्य ठरवणारा निकाल पुन्हा तपासायला लावला. अकरा वर्षं! १७९८च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर बसला. श्वार्ट्झ फेब्रुवारीतच गेला होता.

शब्द दिला की दिला. फळ बघायला मिळो न मिळो.

मी हे सांगतो त्याला कारण आहे. शेवटच्या दुखण्यात पडलेल्या एका सहकाऱ्याला मी म्हणालो होतो, “पोराचं शिक्षण माझ्याकडे लागलं.” मग माझी मुंबईला बदली झाली. दोन वर्षं मनीऑर्डर गेली, नंतर राहिली. त्याचा मामा आहे की, अशी मी मनाची समजूत घातली. पोरानं नववीत शाळा सोडली. पुढे नगरच्या एसटी स्टँडवर भेटला, डोक्यावर कुणाचीतरी ट्रंक होती. ती खाली ठेवून माझ्या पाया पडला. एक शब्द बोलला असता तरी मला सोसलं असतं.

त्यानंतर मी शब्द मोजून दिला आणि दिलेला मोडला नाही. मुख्याध्यापकपद चालून आलं तेव्हा दहावीच्या वर्गाला मार्चपर्यंत थांबतो म्हणालो होतो, म्हणून थांबलो. पद गेलं. घरी अजूनही मला हट्टी म्हणतात. म्हणोत. त्या वर्गातली मुलं अजून पत्र टाकतात, आणि मी बरोबरच होतो.

पुण्याचा पगार मोठा आहे, तुझ्या आईचं औषध आहे, हे मला कळतं रे. औषधाचं आपण बघू, त्यासाठी मी आहे. पण पुन्हा मला परिस्थिती सांगू नकोस.

तंजावरच्या चर्चमध्ये सरफोजीनं लंडनच्या फ्लॅक्समनकडून घडवून घेतलेलं संगमरवरी शिल्प आहे. मरणाऱ्या श्वार्ट्झचा हात राजानं धरलाय. राजा शेवटपर्यंत हिंदूच राहिला, आणि श्वार्ट्झच्या थडग्यावरच्या इंग्रजी ओळी त्यानं स्वतः लिहिल्या. त्या शिल्पासमोर मी बराच वेळ उभा होतो, आणि डोळ्यांपुढे ती ट्रंक होती.

दिवाळीची सुटी संपवून मुलं सोमवारी परत येतील. फाटकाशी तू असशील की नाही, तेवढं कळव.

तुझा,
सर