लहान मुलांसह समुद्रकाठी दोन रात्री

परदेशात राहताना जोडून सुट्टी आली आणि लहान मुलांना घेऊन समुद्रकिनारी जायचे ठरले, की घरातली चर्चा ‘कोणत्या किनाऱ्यावर जायचे’ या प्रश्नापासून सुरू होते. मूल पाच-सहा वर्षांहून लहान असेल, तर या प्रश्नाकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले मूल दिवसाच्या कोणत्या वेळी खरोखर प्रसन्न असते आणि त्या वेळी समुद्र भरतीचा असेल की ओहोटीचा, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. दोन रात्रींच्या सहलीत अशा प्रसन्न वेळा फार तर तीन-चार मिळतात. बाकीचा वेळ प्रवास, जेवण, झोप आणि कपडे बदलणे यांतच जातो. त्या मोजक्या वेळा नीट साधता याव्यात, यासाठीच सारी आखणी करायची आहे.

म्हणून घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंत तीन तासांहून अधिक वेळ लागेल असे ठिकाण निवडू नये. आपल्यापैकी पुष्कळ जण परदेशात आल्यावर एकेका सुट्टीत शक्य तेवढे पाहून घेण्याची घाई करतात. ती समजण्यासारखी आहे, परंतु दोन वर्षांच्या मुलाला तीन किनारे आणि एक दीपगृह पाहण्यापेक्षा एकाच वाळूत तीनदा खेळण्यात कितीतरी अधिक आनंद असतो. मुक्काम किनाऱ्यापासून मुलाच्या पायी दहा मिनिटांवर असावा, भले खोली थोडी लहान असो. भर दुपारी सगळे आवरून खोलीवर परतणे, मुलांना अंघोळ घालून झोपवणे आणि चारनंतर पुन्हा किनाऱ्यावर जाणे हा या सहलीचा कणा आहे, आणि किनारा मोटारीने गाठावा लागत असेल तर तो क्रम टिकत नाही. रेल्वेने जाऊन पुढे भाड्याची गाडी घेणार असाल, तर मुलाच्या वयाला व वजनाला साजेसे आसन नोंदणीच्या वेळीच मागून ठेवावे. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: खोलीत पाय ठेवताच, सामान सोडण्यापूर्वी, सज्जाची कडी, खिडक्यांची उंची आणि जलतरण तलावाकडे उघडणारे दार तपासावे. पोहण्याचा विचारही कोणाच्या मनात नसताना, मोठी माणसे आवराआवरीत गुंतलेली असताना, लहान मूल पाण्याकडे गेल्याच्या दुर्घटना पुष्कळ घडतात.

आता भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध झालेले असते आणि मोबाइलवर सहज मिळते. सामान्यतः दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे रोजची वेळ जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारी दहाला असलेली ओहोटी रविवारी अकराच्या सुमारास येणार, हे धरूनच न्याहारीची वेळ ठरवावी. भूमध्य आणि बाल्टिक समुद्रांच्या काठी हा फरक फारसा जाणवत नाही, परंतु इंग्लंड-वेल्समधील ब्रिस्टल खाडी किंवा कॅनडातील फंडीचा उपसागर अशा ठिकाणी पाणी १२ मीटरांहूनही अधिक चढते-उतरते. सपाट किनाऱ्यावर ते दूरवर मागे जाते आणि परतताना आधी खोलगट भागांत शिरते, त्यामुळे पुढे वाळू कोरडी दिसत असतानाच मागची वाट पाण्याखाली गेलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या भरतीत ही चढ-उतार सर्वांत मोठी असते. शिवाय पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून जवळजवळ निम्मी भरती येऊन जाते. लहान मुलांच्या खेळासाठी ओहोटीचे शेवटचे दोन तास उत्तम, कारण ओली घट्ट वाळू, उथळ डबकी, खेकडे आणि शंख हे सारे तेव्हा उघडे पडते. ओहोटी पूर्ण झाली, की परतायला लागावे. भरतीच्या वेळी ज्यांची वाळू अगदीच अरुंद होते आणि पाठीमागे कडा असतो, असे किनारे लहान मुलांसाठी मुळीच घेऊ नयेत.

उष्ण प्रदेशातून येऊन थंड देशात राहणाऱ्या कुटुंबांची पाण्याच्या तापमानाबाबत बहुधा फसगत होते. समुद्र हवेपेक्षा फार सावकाश तापतो. उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण देशांत मे महिन्यात अंगावर ऊन चढले, तरी पाणी हिवाळ्यातून नुकतेच बाहेर पडत असते, आणि ते सर्वांत उबदार होते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे हवा निवू लागल्यावर. १५ अंश सेल्सिअसहून थंड पाण्यात अचानक उतरल्यास मोठ्या माणसाचाही श्वास क्षणभर ताब्यात राहत नाही; लहान मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने अधिक असल्यामुळे त्यांचे शरीर तर झपाट्याने उष्णता गमावते. पाणी थंड असेल, तर अंगासरशी बसणारा वेटसूट घालून मुलांना घोट्यापर्यंतच्या पाण्यात थोडा वेळ खेळू द्यावे आणि ओठ निळसर दिसण्याची वाट न पाहता, थरथर जाणवताच बाहेर काढून कोरडे करावे. सप्टेंबरची सहल मला यासाठी विशेष आवडते. मात्र तिच्यात एक उणीव राहू शकते: हंगाम संपल्यावर अनेक किनाऱ्यांवरचे जीवरक्षक काम थांबवतात. नोंदणी करण्यापूर्वी जीवरक्षक कोणत्या तारखेपर्यंत आणि दिवसाच्या कोणत्या वेळेत असतात, हे पाहून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

जीवरक्षक असलेला किनारा हीच माझी निवडीची पहिली अट आहे. ‘ब्ल्यू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेल्या किनाऱ्यावर पाण्याची शुद्धता, सोयी आणि सुरक्षाव्यवस्था तपासलेली असते, परंतु त्याचा अर्थ तेथील समुद्र शांत असतो असा नव्हे. अनेक देशांत लाल-पिवळ्या दोन झेंड्यांमधला पट्टा जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो. पाण्यात उतरायचे ते त्याच पट्ट्यात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचे नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा बहुधा सर्फिंगसाठी राखलेला भाग दाखवतो. झेंड्यांचे अर्थ देशागणिक थोडे बदलतात, तेव्हा किनाऱ्याच्या तोंडाशी लावलेला फलक दोन मिनिटे उभे राहून वाचावा आणि मनात शंका असेल तर जीवरक्षकालाच विचारावे. किनाऱ्याकडे आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते, तो प्रवाह सर्वांत फसवा. कारण नेमक्या त्याच जागी लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसते, आणि आई-बाबा मुलाला घेऊन विश्वासाने तिथेच उतरतात. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर सरकून प्रवाहाबाहेर यावे. दुसरे कोणी वाहून जाताना दिसले, तर रिकाम्या हाताने मागे उडी घेऊ नये. तरंगणारी वस्तू फेकावी आणि आपत्कालीन क्रमांक लावावा: युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९ लावून तटरक्षक दल मागावे, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्यांच्या फोनमध्येही हा क्रमांक नोंदवून द्यावा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. परदेशात आपण बहुधा चार-पाच कुटुंबे मिळून सहलीला जातो. आठ-दहा मोठी माणसे आणि तितकीच मुले एकत्र असली, की मनाला निर्धास्त वाटते, आणि धोका नेमका तिथेच असतो. कारण प्रत्येकाला वाटते, कोणाचे ना कोणाचे लक्ष असेलच. बुडणारे लहान मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असते, श्वास घेण्यातच सारी शक्ती जाते, आणि अवघ्या मिनिटाभरात ते गप्प होऊन पाण्याखाली जाऊ शकते. पाच पावलांवर गप्पा मारत बसलेल्या मोठ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. यावर उपाय साधा आहे, पण तो ठरवून पाळावा लागतो. मुले पाण्याजवळ असतील तोवर नावाने ठरवलेली दोन माणसे फक्त मुलांकडे पाहतील; त्यांच्या हाती फोन नसेल, पुस्तक नसेल, मद्याचा ग्लास नसेल. वीस मिनिटांनी पाळी बदलताना येणाऱ्याने जाणाऱ्याला ‘आता माझे लक्ष आहे, मुले पाच’ असे मोठ्याने सांगावे, आणि ते ऐकल्याखेरीज आधीच्याने जागा सोडू नये. सुरुवातीला हे फार औपचारिक वाटते, मित्रमंडळींत थोडा संकोचही होतो. तरी तो संकोच बाजूला ठेवावा. पाण्यात उतरलेल्या लहान मुलापाशी मात्र एका मुलामागे एक मोठा माणूस, हात लांबवला की मूल हाती येईल इतक्या अंतरावर हवा. भारतातून आलेल्या आजी-आजोबांवर पाण्याकाठची जबाबदारी एकट्याने टाकू नये. अनोळखी समुद्र, थंड पाणी आणि धावते मूल हा भार त्यांच्यावर अन्यायाचा आहे. सावलीत बसून नातवंडांना खाऊ भरवण्याचे आणि वाळूचे किल्ले बांधण्याचे काम त्यांना अधिक सुखाचे होते.

दंडाला बांधायचे हवेचे फुगे आणि फुगवलेली खेळणी यांच्यावर विसंबू नये. किनाऱ्यावरून समुद्राकडे वारा वाहत असेल, तर फुगवलेले बदक मुलासह पाहता पाहता दूर जाते. ब्रिटनमधील किनाऱ्यांवर अशा वेळी वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी (विंडसॉक) लावून सावध केले जाते. मापाचे, प्रमाणित लाइफ जॅकेट घ्यावे आणि पोहण्याचे कपडे झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी घ्यावेत, कारण निळा आणि पांढरा रंग पाण्यात दिसेनासा होतो.

मूल हरवण्याची शक्यताही आधीच विचारात घ्यावी. आपली मुले घरी मराठी बोलतात ही आनंदाची बाब आहे, पण म्हणूनच तीन-चार वर्षांच्या मुलाला आई-वडिलांचे नाव विचारले, तर ‘आई’ आणि ‘बाबा’ एवढेच उत्तर मिळते. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात खेळता खेळता त्याला आपली पूर्ण नावे पाठ करवावीत आणि ‘मी हरवलो आहे, माझ्या आईला फोन करा’ हे वाक्य त्या देशाच्या भाषेत म्हणता यावे इतका सराव द्यावा. मनगटाच्या पट्टीवर देशाच्या संकेतांकासह फोन क्रमांक लिहावा, आणि रोज सकाळी किनाऱ्यावर पोचताच त्या दिवशीच्या कपड्यांतले मुलाचे छायाचित्र काढून ठेवावे. मूल दिसेनासे झाले, तर सर्वप्रथम पाण्याकडे धावावे, एकाने त्याच क्षणी जीवरक्षकाला कळवावे, आणि वाळूतला शोध बाकीच्यांनी घ्यावा.

उन्हाबाबत आपल्याकडे एक समज फार रुजलेला आहे, की सावळ्या कांतीला सनस्क्रीन लागत नाही. सावळी त्वचाही भाजते, आणि मुलांची तर लवकर. उन्हातील अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा निर्देशांक ३ किंवा अधिक असेल, तर संरक्षण हवेच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उन्हाळ्यात तो अनेकदा ११ च्याही वर जातो, आणि गार वारा सुटलेला असल्यामुळे त्वचा भाजत असल्याचे जाणवत नाही. ढगाळ दिवशीही ही किरणे पोचतात, तर छत्रीखाली ती वाळूवरून परावर्तित होऊन येतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, मान झाकणारी टोपी आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचे सनस्क्रीन घर सोडण्यापूर्वीच लावावे. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर अंग पुसून पुन्हा लावावे. सहा महिन्यांहून लहान बाळाला थेट उन्हात नेऊच नये.

वाळूत खड्डे खणण्याचा आनंद मुलांना जरूर घेऊ द्यावा, परंतु खड्डा सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल नसावा आणि बोगदे तर नकोतच. ओल्या वाळूचे वजन एका घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, आणि ती ढासळली तर आवाजही होत नाही. निघताना खड्डा बुजवावा. जेलीफिशने डंख केला, तर चोळू नये आणि थेट जीवरक्षकाकडे न्यावे, कारण उपचार जातीप्रमाणे बदलतात. उत्तर ऑस्ट्रेलियातील बॉक्स जेलीफिशवर व्हिनेगर उपयोगी पडते, तर ब्ल्यूबॉटल या जेलीफिशसारख्या निळ्या प्राण्याच्या डंखावर ते वापरू नये असे सांगितले जाते. जोरदार पाऊस होऊन गेल्यावर एक-दोन दिवस समुद्रात उतरणे टाळावे, कारण गटारांचे आणि नाल्यांचे पाणी त्यातच येऊन मिळते.

सामानाविषयी फार सांगण्यासारखे नाही. प्रत्येक मुलाचे कोरड्या कपड्यांचे दोन जोड, भरपूर पिण्याचे पाणी, ओळखीचे खाणे, सावलीचा लहान तंबू आणि ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी एवढ्याने काम भागते. पोहण्याचे डायपर लघवी शोषत नाहीत, तेव्हा प्रवासासाठी नेहमीचे वेगळे घ्यावेत.

परतीच्या दिवशी सकाळी समुद्रात उतरू नये. खोली सोडण्याची वेळ, ओले कपडे आणि रडवेली मुले यांची गाठ पडली, की चिडचिड अटळ असते. त्या दिवशी न्याहारीपूर्वी कोरड्या वाळूत अर्धा तास फिरून यावे, परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवावेत, कानांमागची व बोटांच्या बेचक्यांतली वाळू पुसून काढावी, आणि गाडी मुलांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी रस्त्याला लागेल अशा बेताने निघावे.