नेत्याचं खासगी आयुष्य कुठपर्यंत बातमी असते?

पुढाऱ्यांच्या आणि नटनट्यांच्या घरात डोकावणं म्हणजेच शोधपत्रकारिता का, असं तुम्ही विचारलंय. मुंबईत मराठी दैनिकाचा वार्ताहर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. माझ्या मते घरातली गोष्ट सत्तेशी किंवा सरकारी मालमत्तेशी जोडलेली असेल, आणि तो संबंध कागदावर दाखवता येत असेल, तरच ती बातमी.

कोणाची सासू कोण, ही एरवी घरगुती बाब. पण कुलाब्याच्या 'आदर्श' गृहनिर्माण सोसायटीमध्ये मुख्यमंत्र्यांच्या नातेवाइकांच्या नावे फ्लॅट निघाले तेव्हा ती राज्याची बाब झाली, आणि नोव्हेंबर 2010 मध्ये अशोक चव्हाणांना पद सोडावं लागलं. (त्यांच्यावर खटला चालवायला राज्यपालांनी दिलेली मंजुरी 2017 मध्ये हायकोर्टाने रद्द केली, हेही सांगायलाच हवं.)

अशा कामात छुप्या कॅमेऱ्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराला स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता लिहावी लागते. ते प्रतिज्ञापत्र आणि नोंदणी खात्याचा इंडेक्स टू, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, शेजारी ठेवून बसायचं. इंडेक्स टूवर विकणारा, घेणारा, मोबदला, बाजारभाव, दस्ताची तारीख सगळं असतं. बाजारभाव कोटींत आणि मोबदला लाखांत दिसला, की विचारायला जागा झाली. मग समोरच्याला फोन करून त्याचं म्हणणं घ्यायचं आणि तेही छापायचं. यात कोणाच्या बेडरूममध्ये शिरावं लागत नाही.

2020 मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर मात्र चॅनेलांनी व्हॉट्सअ‍ॅप चॅट वाचून दाखवले, त्याच्या मनःस्थितीचा बाजार मांडला. त्यातून जनतेचा कुठला पैसा वाचला? मला अजून त्याची चीड येते. आत्महत्येच्या बातमीत मृताला दुबळ्या चारित्र्याचा म्हणून रंगवू नका, त्याच्या खासगीपणात शिरू नका, असं मुंबई हायकोर्टाला जानेवारी 2021 मध्ये बजावावं लागलं.

कायदा सुप्रीम कोर्टाच्या 1994 च्या राजगोपाल निकालापासून बराच स्पष्ट आहे. सार्वजनिक दप्तरातली नोंद सहसा छापता येते आणि अधिकाऱ्याला आपल्या सरकारी कामावर खासगीपणाचा पडदा ओढता येत नाही. माझी काळजी वेगळीच आहे. माहिती अधिकारात वैयक्तिक माहिती नाकारण्याचं जे पोटकलम आहे, त्यातली जनहिताची अट 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने काढून टाकली. त्यामुळे अर्ज करताना माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(2) चा उल्लेख आठवणीने करा. जनहितासाठी माहिती मागण्याचा रस्ता त्यात अजून शाबूत आहे.