सांगितले कपडे, निघाला मोबाइल

रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलंय. भाचा गुवाहाटीला शिकायला आहे, त्याचा फोन बंद पडला म्हणून घरातला जुना फोन आणि सोबत एक पॉवर बँक दोन टी-शर्टांत गुंडाळून स्पीड पोस्टने पाठवली. काउंटरवर "आत काय?" विचारलं तर म्हणाल्या, कपडे. एक्स-रेत दिसलं, पार्सल अडकलं आणि आता 7 दिवसांत खुलासा द्या असं पत्र आलंय. केस होईल का?

ताई, आधी पाणी प्या. 1898 च्या जुन्या पोस्ट कायद्यात धोकादायक वस्तू टपालाने पाठवली तर एक वर्षापर्यंत कैद होती, पण तो कायदा गेला, 18 जून 2024 पासून 2023 चा नवा पोस्ट ऑफिस कायदा लागू आहे आणि त्यात ती कैदेची तरतूद ठेवलेली नाही. म्हणून निर्धास्त राहा असंही नाही हं, कारण गुवाहाटीचं स्पीड पोस्ट विमानात चढतं आणि विमानातल्या धोकादायक मालाचे नियम वेगळे आहेत, त्यांचा भंग केला तर शिक्षा आहे. तुमच्यासारख्या घरगुती पार्सलवर कोणी एवढं ताणेल असं मला वाटत नाही, पण पत्राला उत्तर न देणं हा मूर्खपणा ठरेल.

गंमत म्हणजे फोन हा खरा घोळ नाहीच. बॅटरी फोनच्या आत बसवलेली असेल तर नियम बरेच सौम्य आहेत. 5000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॉट-अवर (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप), मर्यादा 100 ची. घोळ पॉवर बँकेचा, कारण ती नियमात "उपकरण" धरत नाहीत, सुटी बॅटरीच धरतात, आणि सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात माल म्हणून 2016 पासून बंद आहे. तुम्ही म्हणाल आम्ही विमानात हातातल्या बॅगेत नेतो की! नेता, कारण तिथे धूर निघाला तर कोणाला तरी दिसतो, खाली मालाच्या कप्प्यात कोण बघणार?

आणि दुसरा घोळ "कपडे" या शब्दाचा. खुलाशात तोच सरळ कबूल करा. एका पानात लिहा की फोन भाच्यासाठी होता, पॉवर बँकेचा नियम माहीत नव्हता, आत काय आहे ते चुकीचं सांगितलं त्याबद्दल दिलगीर आहे, वस्तू परत मिळाव्यात. बुकिंगची पावती आणि फोनचं बिल जोडा, पत्र समक्ष देऊन कॉपीवर शिक्का घ्या. शेजारच्याने सुचवलेली "पोराने परस्पर टाकलं" वगैरे स्टोरी अजिबात नको.

परत पाठवताना फोन स्विच ऑफ करा, बटण दाबलं जाणार नाही असा पॅक करा आणि काउंटरवर "मोबाइल आहे, बॅटरी आत आहे" हे तोंडाने सांगा, ते रस्त्याने जाणारं पार्सल करा म्हणाले तर तसं करा. विमा उतरवा. विम्याशिवाय स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या चार्जच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं कमी ते मिळतं, म्हणजे 90 रुपये भरले असतील तर 180, फोन पंधरा हजारांचा असला तरी. पॉवर बँक भाच्याला तिथेच घेऊ दे.

आणि हो, फोन परत आला की टेबलावर सपाट ठेवून बघा, पाठ फुगल्यामुळे डुगडुगत असेल तर तो पोस्टाने नको, कुरियरनेही नको, आधी दुकानात नेऊन बॅटरी बदला.